कोपरा फाडलेली सात पत्रं

नाना,

तुम्हाला जाऊन आज वीस दिवस झाले. उद्या पहाटे चारला आपल्या गावाची पायी यात्रा सप्तशृंगीच्या गडाकडे निघते आहे. मी तुमच्या आठवणी लिहायला बसलो होतो. तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा कागदावर रागच उतरला. म्हणून आता तो तसाच लिहितो. तुमच्यासमोर मला कधी नीट रागावता आलं नाही. माझा आवाज चढला की तुम्ही हसायचात, आणि मग मला पुढचं सुचायचं नाही.

तर नाना, तुम्ही काहीही सांगून गेला नाहीत.

चाळीस माणसं, नऊ दिवस, आठ मुक्काम. फागणे, धुळे, आर्वी, मालेगाव, उमराणे, देवळा, कळवण, नांदुरी. एवढी नावं मला पाठ आहेत, कारण लहानपणापासून ती ऐकत आलोय. पण फागण्यात कुणाच्या अंगणात उतरायचं? मालेगावात शिरायचं की बाहेरून जायचं? उमराण्याच्या अलीकडे कोणत्या विहिरीचं पाणी प्यायचं नाही? दुपारी ऊन तापल्यावर बायकांना कुठे बसवायचं? हे सगळं तुमच्या डोक्यात होतं, आणि ते डोकं तुम्ही बरोबर घेऊन गेलात. बाकीचे चाळीस जण दरवर्षी तुमच्या पाठीकडे, आणि तुम्ही पुढे गेलात की तुम्ही वाटेत टाकलेल्या चुन्याच्या खुणांकडे बघत चालत आले. त्यांना विचारलं तर म्हणतात, "एक मोठं निंबनं झाड व्हतं भो, तठे नाना वळेत." चैत्रात, धुळ्यापासून गडापर्यंत, निंबाचं झाड कुठे नाही?

मी तुम्हाला किती वेळा म्हटलं होतं, नाना. मागच्या दिवाळीत शंभर पानी वही घेऊन तुमच्या ओट्यावर आलो होतो. म्हणालो, "तुम्ही नुसतं सांगा, मी उतरवून घेतो. एका बैठकीत होईल." तुम्ही थापीवरचं सुकलेलं सिमेंट नखानं काढत होता. म्हणालात, "हाऊ साहेब देख. रस्ता वहीमां लिखस. रस्ता काय कोठे पळी जाई राहिना का?"

"रस्ता नाही पळणार नाना, पण माणसं..." मी पुढे बोललो नाही. 'माणसं मरतात' असं कसं म्हणणार? आणि तुम्ही नानींना हाक मारलीत, "चहा कर वं, कॉलेज उनं घर!" कॉलेज घरी आलं म्हणे.

मी कॉलेजला गेल्यापासून तुमच्याशी पुस्तकातल्यासारखं बोलायला लागलो, याची तुम्ही फार चेष्टा केलीत. मला ती लागायची. पण खरं सांगायचं तर ते बोलणं मी मुद्दाम करत नव्हतो. धुळ्यात आपल्या बोलीत तोंड उघडलं की वर्गातली मुलं हसायची. इथे येऊन तसं बोललो की तुम्ही हसायचात. मी कुठे बोलायचं होतं?

त्या कॉलेजात मला नेलंत तुम्हीच. माझे वडील सालदार. मालकाकडून एक दिवस सुटून धुळ्याला येणं त्यांना जमलं नाही. नात्याचे ना गोत्याचे तुम्ही, एका घराचं प्लास्टर अर्धं टाकून माझ्याबरोबर एसटीत बसलात. अंगात लग्नातला सदरा होता, पण नखांत चुना तसाच. कॉलेजात आपण दोघं आधी चुकून मुलींच्या खोलीपाशी जाऊन उभे राहिलो, मग वाचनालयात, मग शेवटी त्या जाळीच्या खिडकीपाशी. आतला कारकून वर न बघता विचारत होता. वडिलांचा व्यवसाय? तुम्ही म्हणालात, "शेती." तो म्हणाला, किती एकर? तुम्ही म्हणालात, "मोजी नही साहेब." त्यानं पहिल्यांदा मान वर केली, तुमच्याकडे बघितलं, आणि शिक्का मारला. बाहेर येऊन आपण किती हसलो! तुम्ही मला शेवभाजी खाऊ घातलीत आणि म्हणालात, "आते तू शिक. चालानं काम आम्हनं."

चालायचं काम तुमचं. हे वाक्य मी तेव्हा आशीर्वाद म्हणून घेतलं होतं.

नंतरचं भांडण मात्र तुम्ही आणि मी दोघांनी अर्धवट ठेवलं. तीन वर्षांपूर्वीचं. मी दहावी पास झालो तर ती स्वतः गडावर चालत येईल, असं आईनं देवीला बोलून ठेवलं होतं. आईचा खुबा, तुम्हाला ठाऊकच आहे, विहिरीच्या पायरीवरून पडली तेव्हापासून अधू. गावात ती चालते, पण मैलाचे दगड मोजत चालणं वेगळं. मी तुमच्याकडे आलो. म्हणालो, एखादी गाडी मागून ठेवू. जिथे पाय थकेल तिथे ती बसेल, पुन्हा उतरून चालेल. तुम्ही ऐकून घेतलंत आणि एका शब्दात संपवलंत, "नही."

यात्रेत गाडी नाही, हा नियम तुमचाच. तुमच्या आधीच्या लोकांनी केलेला नव्हता. तुम्ही म्हणायचात, एकाला बसवलं की दहा जण बसतील, मग ती यात्रा राहणार नाही, वरात होईल. आईनं ते मान्य केलं. ती निघाली. फागण्यापर्यंत पोचली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उठताच येईना. तुम्ही स्वतः तिला एसटीत बसवून दिलंत. वर म्हणालात, "वहिनी, ज्यानं चालनं व्हस नही त्यानी घरथीनच हात जोडाना."

आई घरी आली आणि चुलीपाशी कामाला लागली. तुम्ही गडावरून प्रसाद घेऊन आलात, तेव्हा मी तुमच्या ओट्यावर येऊन भांडलो. काय बोललो ते सगळं आठवत नाही. "देवी काय पाय मोजते का?" असं काहीतरी म्हटलं. तुम्ही हसला नाहीत. तेवढ्या एकाच वेळी हसला नाहीत. प्रसादाची पुडी माझ्या हातात ठेवून आत निघून गेलात.

त्यानंतर दरवर्षी तुम्ही मला म्हणायचात, "यंदा चाल." आणि मी म्हणायचो, "परीक्षा आहे." परीक्षा खरीच होती. पण परीक्षेमुळे मी नाही म्हणत नव्हतो, नाना. जिथून आईला परत पाठवलं, त्या रस्त्यानं मला चालायचं नव्हतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला ते कळत असेल असं मी धरून चाललो, आणि कळत असूनही तुम्ही नियम सोडत नाही म्हणून आणखी रागावलो.

यंदा तर तुम्ही दोनदा विचारलंत. एकदा संक्रांतीला, आणि मग शिवरात्रीला. शिवरात्रीला म्हणालात, "पुरा नको येऊ. आर्वीलगून तरी ये. तठून पुढलं तुले दखाडी देस." आर्वीपर्यंत या, पुढचं दाखवून देतो. मला वाटलं, हे एक नवीनच. आर्वीपर्यंतच का? मी म्हणालो, एस.वाय.चा पहिला पेपर यात्रेतच येतोय. तुम्ही लगेच म्हणालात, "परीक्षा पहिले. जाय, अभ्यास कर." इतकं लगेच, की मला सुटल्यासारखं वाटलं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

तुमचा मुलगा सुरतेहून आला, अग्नी दिला आणि कारखान्यात रजा नाही म्हणून दहाव्यापर्यंत परत गेला. जाताना मला म्हणाला, यात्रेचं तूच बघ, नाना तुझ्यावरच विसंबून होते. बरकू आबांनीही तेच म्हटलं. बरकू आबा तुमच्याबरोबर पहिल्या वर्षापासून चालले, आता त्यांच्या शब्दाला यात्रेत वजन आहे. "नाना तुलेच सांगी गया असतीन. तू शिकेल शे." मी म्हणालो, मला काही सांगितलेलं नाही. कुणाचा विश्वास बसला नाही. उलट मीच काहीतरी लपवतोय असं त्यांना वाटलं असावं.

मग मला जे येतं ते मी केलं. पोस्टकार्डं आणली. दरवर्षी तुम्ही होळी झाली की एसटीनं जाऊन प्रत्येक मुक्कामाला नारळ देऊन यायचात. मला परीक्षेच्या तोंडावर तेवढं हिंडता येत नव्हतं. धुळ्याचं मी बघू शकत होतो, म्हणून राहिले सात. नानींनी आठवून आठवून सात घरांची नावं सांगितली. मी नीट अक्षरात लिहिलं की नाना वारले, पण यात्रा थांबलेली नाही, अमुक तिथीला आम्ही आपल्याकडे पोचू, चाळीस माणसं आहेत, पाण्याची आणि जागेची तेवढी सोय व्हावी, उलट टपाली कळवावे.

सातही कार्डं घेऊन निघालो, तर बरकू आबांनी ओट्यावरून हाक मारली. "वाची दखाड." मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "कोपरा कोठे फाडा?"

मी म्हणालो, "आबा, यात यात्रेचंही लिहिलंय."

"मरननी खबर शे का नही?"

"आहे."

"मंग कोपरा न फाडता धाडशी? नानानी खबर? लोके काय म्हनतीन, गावले रीत नही राहिनी?"

मला माहीत होतं, नाना. मरणाच्या पत्राचा कोपरा फाडतात. ते पत्र उंबऱ्याच्या आत नेत नाहीत, वाचून झालं की बाहेरच फाडून टाकतात. लहानपणापासून बघितलंय. पण त्या क्षणी मी एवढाच विचार केला की आबा दुखावतील. कॉलेजात गेलेला मुलगा रीत सोडतो, असं व्हायला नको. मी तिथेच त्यांच्यासमोर सातही कार्डांचे कोपरे फाडले. एकेक करून. आबा मोजत होते.

आठ दिवस मी उत्तरांची वाट बघितली. रोज पोस्टमन येण्याच्या वेळी पारावर जाऊन बसायचो. एकही उत्तर आलं नाही. शेवटी पोस्टमनच म्हणाला, "भाऊ, कोपरा फाडेल कार्डनं कोनी उत्तर देस का?"

मरणाच्या पत्राला उत्तर देत नाहीत. मरणाच्या पत्राला माणसं येतात.

आणि ती आली. दहाव्यापासून तेराव्यापर्यंत. फागण्याहून, आर्वीहून, मालेगावहून, अगदी कळवण-नांदुरीहून दोन एसट्या बदलून. डोक्याला उपरणं गुंडाळलेली, चपला दाराबाहेर काढून आत येणारी. नानी प्रत्येकाला बघून नव्यानं रडायच्या. मला कुणी ओळखत नव्हतं. मी पाणी द्यायचो आणि मनात म्हणायचो, हेच ते. ह्यांच्याच अंगणात थोड्या दिवसांनी चाळीस माणसं झोपणार आहेत. ह्यांनाच तर विचारायचंय.

पण विचारणार कसं? सुतकाच्या घरात बसलेल्या माणसाला देवीच्या यात्रेचं विचारतात का? एकदा मी तोंड उघडलं. उमराण्याच्या पाहुण्याला हळूच म्हणालो, "कार्डात पुढे यात्रेचं लिहिलं होतं..." तो गोंधळला. म्हणाला, पोस्टमननं दारातच पहिली ओळ वाचली, 'नाना वारले', आणि त्याच्या आईनं कार्ड तिथेच फाडून टाकलं. पुढची ओळ कुणी वाचलीच नाही. बरकू आबा माझ्याकडे असे बघत होते, की मी उठून पाण्याचा तांब्या भरायला गेलो. परत आलो तोवर उमराण्याचा पाहुणा गेलेला. दारावर आलेला माणूस जाताना 'येतो' म्हणत नाही. नुसता उठतो आणि जातो. अशी माझ्या हातातून सहा गावं गेली, नाना. माझ्या डोळ्यांदेखत, चहा पिऊन.

नंतर मला शहाणपण आलं. आर्वीचे दगा आप्पा उठले तेव्हा मीही उठलो आणि त्यांच्यामागे एसटीच्या थांब्यापर्यंत गेलो. घर मागे पडल्यावर म्हणालो, "आप्पा, आता बोललं तर चालेल का?" ते म्हणाले, "बोल ना भो. कव्हयनं तुन्हं तोंड देखी राहिनू, काही तरी आडकेल शे."

मी यात्रेचं सांगितलं. त्यांनी सगळं सांगितलं. वडाच्या झाडापासून डावीकडे, त्यांची वस्ती, विहीर, दोन खोल्या बायकांसाठी. बाकीच्या गावांनाही ते स्वतः निरोप देतील म्हणाले. मला एवढं हलकं वाटलं, की मी सहज बोलून गेलो. म्हणालो, "नानांचं मला नवल वाटतं आप्पा. ह्या वयात सगळ्यांच्या आधी मुक्कामाला पोचायचे. लोक अजून सांगतात."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं.

"तुले भी सांगं नही का त्यास्नी?"

मग त्यांनी सांगितलं. तुमचे गुडघे गेले होते. उभा जन्म उकिडवं बसून विटा लावल्यावर दुसरं काय होणार? गेली तीन वर्षं तुम्ही आर्वीपर्यंत कसेबसे चालायचात. मग सगळे झोपलेले असताना, 'मी पुढे जाऊन मुक्काम बघतो' म्हणून उठायचात आणि दगा आप्पांच्या दुधाच्या टेम्पोत बसून मालेगावला जायचात. तिथून पुढेही कुणा ना कुणाच्या गाडीत. संध्याकाळी लोक थकून पोचायचे, तेव्हा तुम्ही पाण्याचे हंडे भरून उभे असायचात. लोक म्हणायचे, नानांच्या पायांत देवी आहे.

"माले देवीनी आन घालेल व्हती," आप्पा म्हणाले. "आते त्या नहीत, म्हनीसन सांगस."

मी विचारलं, पहिल्यांदा कधी बसले? आप्पा आठवून म्हणाले, "त्या साले फागनाथून एक बाईले परत धाडेल व्हती. त्याच साले. टॅम्पोमां बठनात नि मालेगावलगून तोंडमां पानी भी नही लिधं."

एसटी आली. आप्पा चढले. खिडकीतून म्हणाले, टेम्पोतली नानांची जागा आता रिकामीच, हवा तर टेम्पो यंदा पुरे नऊ दिवस न्या, माझा पुतण्या चालवील. मी मान हलवली.

ज्या बाईला तुम्ही एसटीत बसवून परत पाठवलंत ती माझी आई होती, नाना. आणि दोन दिवसांनी तुम्ही टेम्पोत बसलात.

मी त्या दिवशी घरी न जाता शेताच्या बांधानं हिंडत राहिलो. तुमच्यावर इतका संताप आला होता, की तुम्ही जिवंत असतात तर बरं झालं असतं. आणि मग तुम्ही यंदा दोनदा का विचारलंत, ते कळलं. आर्वीपर्यंत ये, पुढचं दाखवून देतो. पुढे तुमच्या जागी कुणीतरी चालायला हवं होतं. एवढं सरळ होतं. 'बाबा रे, माझे गुडघे गेले' हे चार शब्द होते. मी आलो असतो. खरंच आलो असतो का, ते आता मलाही सांगता येत नाही. पण तुम्ही विचारून तरी बघायचं होतं. माझ्या परीक्षेचा मान राखलात, आणि मला कायमचं अडकवून ठेवलंत.

पाडव्याला संध्याकाळी पारावर सगळे पंचांग ऐकायला जमले. ते झाल्यावर यात्रेचं निघालं. मी उभा राहून सांगितलं की मुक्कामांची सोय झाली आहे. लोकांनी बरं म्हटलं. मग मी म्हणालो, यंदा मागून एक टेम्पो राहील. ज्याचा पाय थकेल तो बसेल.

मग बरकू आबा म्हणाले, "नाना व्हतात तवलगून कोन्हाच पाय गाडीले लागना नही."

माझ्या जिभेवर आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. आबांचं तोंड बंद झालं असतं, टेम्पो मिळाला असता, आणि मी सुटलो असतो. समोर तुमच्या दारात नानी बसलेल्या दिसत होत्या. त्यांना ऐकू गेलं असतं. मी तुमच्यावर दया केली असं समजू नका. मला त्या चाळीस माणसांचे चेहरे बघवले नसते. इतकी वर्षं ती फोड आलेल्या पायांनी तुमच्यामागे चालली.

मी म्हणालो, "नाना नाहीत आता. हे मी सांगतोय."

"तू?" आबा हसले. "तू कव्हय चालना? एक दिन तरी चालना का? घर बठीसन नियम मोडस? चालशी तर बोल. पुरा नऊ दिन."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांचं चूक नव्हतं. मला राग आला तो त्यांचं बरोबर होतं म्हणून.

पहिला पेपर आम्ही देवळ्याला असू त्या दिवशी आहे. दुसरा, गड चढायचा त्या दिवशी. ते दोन्ही आता ऑक्टोबरात द्यावे लागतील, आणि तोवर माझ्या निकालावर नापासाचा शिक्का असेल. आमच्या घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजला गेलं, आणि त्यानं पहिल्यांदाच नापास व्हायचं ते यात्रेसाठी. जाळीच्या खिडकीपाशी तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात ते ह्यासाठी होतं का? मी पारावर उभा राहून हे सगळं मनात घोळवलं आणि म्हणालो, "चालतो." आवाज बारीक निघाला. आबा म्हणाले, "मोठ्यानं सांग." मी मोठ्यानं सांगितलं.

तेव्हापासून तयारी चालू आहे. काल नानींनी मला बोलावून माझ्या दोन्ही तळव्यांना मेंदी लावली. म्हणाल्या, ह्यांना दरवर्षी लावायचे, तळवे थंड राहतात. मी मुलीसारखा पाय पसरून बसलो होतो आणि पोरं दारातून बघून खिदळत होती. नानी म्हणाल्या, "त्यास्ना पायले आते सवय पडेल व्हती. फोडच उना नही तीन सालथून." तीन वर्षांत एक फोड आला नाही, आणि मी मान खाली घालून मेंदीकडे बघत राहिलो. त्यांना कळलं होतं का? मला वाटतं नाही. पण खात्री नाही. तुमच्या घरात काहीच खात्रीनं कळत नाही.

आज दुपारी सगळं बांधून झालं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बायकांच्या पिशव्या. टेम्पो येऊन पारापाशी उभा राहिला. मी घरी आलो आणि आईला म्हणालो, तुझं लुगडं बांधून घे. आई म्हणाली, मी येत नाही.

मी म्हणालो, "अगं, मग हा सगळा खटाटोप मी कुणासाठी केला?"

"माले काय माहीत? मी सांगं व्हतं का?" ती दशमीचं फडकं बांधत होती. "नाना नही म्हनेल व्हतात. त्या जित्ता व्हतात तव्हय मी ऐकं. आते त्या नहीत म्हनीसन गाडीमां बसू? हाई बरं दिसस का?"

मी तिला समजावलं. मी ओरडलो. मी तिला म्हणालो की माझे दोन पेपर जाताहेत. ती म्हणाली, तू जा, माझ्यासाठी देवीपुढे हात जोड. तिचा आवाज शांत होता. तुम्ही ज्या आवाजात 'नही' म्हणायचात तोच. मी पाटावर बसून राहिलो. उद्या टेम्पोत इतर चार म्हातारी माणसं बसतील, आणि जिच्यासाठी तो आणला ती तुमच्या शब्दाला धरून घरी बसेल. तुम्ही मोडलेल्या शब्दाला.

मग मी तिला सांगितलं.

पारावर बोललो नाही ते चुलीपुढे बोललो. गुडघे, दुधाचा टेम्पो, तीन वर्षं, पाण्याचा घोट न घेतलेला तो दिवस, सगळं. देवीची आण आप्पांनी घेतली होती, मी नव्हती घेतली. तरी बोलताना मी दाराकडे बघत होतो. एका माणसाला सांगितलंय, नाना. त्याबद्दल तुमची माफी मागत नाही.

फडक्याची गाठ आईनं सोडली, पुन्हा बांधली. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा तुम्हाला काहीतरी बोलेल. बोलायचा हक्क तिचाच आहे.

ती उठली. खुब्यावर हात ठेवून, भिंतीला धरून. खुंटीवरचं धुतलेलं लुगडं काढलं, त्याची घडी घातली आणि माझ्या हातात देत म्हणाली, "मुलखना येडा माणूस. आसं व्हतं तर माले सांगतात ना. आम्ही दोन्हीजन संगेच बसतूत. गप्पा करत जातूत."